दादाची जपानी तलवार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सिडनीतल्या पॅरामॅटाच्या ऑफिसची मीटिंग हॅरिस पार्कच्या आमच्या फ्लॅटमध्ये, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून करत होते. घरात जेवणाचं टेबल एकच, आणि लॉकडाऊन लागल्यापासून ते नवऱ्याने पटकावलेलं. वहिनी कामाच्या वेळात कधी फोन करत नाही. उचलला तर पलीकडे आधी नुसता श्वास... मग ती म्हणाली, "शुभा, मिलिंद गेला." आणि मी काही बोलायच्या आत, एखादी तक्रार सांगावी तशा आवाजात म्हणाली, "छातीत कळ आली तर त्याने आधी तलवार म्यानात घातली गं. पिशवीची गाठसुद्धा मारली. मग आत येऊन म्हणाला, जरा पडतो."

मला रडू नंतर आलं. आधी आला तो संताप, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. ॲम्ब्युलन्सला फोन करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ या माणसाने एका लोखंडाच्या पट्टीला दिला. माणसं गेल्यावर त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं असतं. मी प्रयत्न करते आहे.

दादा, म्हणजे माझा सख्खा भाऊ मिलिंद, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. नाशिकला इंजिनिअरिंग करून तो ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत धातुशास्त्र शिकायला आला, आणि शिकून झाल्यावर जवळच्याच पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटला तो शेवटपर्यंत. पण पोलाद ही त्याची नोकरी नव्हती, खोड होती. खिशात लोहचुंबक घेऊन फिरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्याकडे आला की कोपऱ्यावरच्या दुकानात डाळ-तांदूळ आणायला म्हणून जायचा आणि भांड्यांच्या फळीशी उभा राहून एकेका ताटाला चुंबक लावत बसायचा. दुकानातली पोरगी विचारायची, "अंकल, ये क्या कर रहे हो?" हा शांतपणे सांगायचा, "देख रहा हूँ, ये थाली कितना झूठ बोलती है." मी दुसऱ्या रांगेत लोणच्याच्या बाटल्या वाचत असल्याचं सोंग करायची.

तलवार आली ती शेजारच्या बेरिलकडून, महामारीच्या तीन-चार वर्षं आधी. बेरिल नव्वदीला टेकलेली, घरात एकटी. दादा तिचं लिंबाचं झाड छाटून द्यायचा, तिचा कचऱ्याचा बिन रस्त्यावर लावायचा, आणि ती त्याला संत्र्याचा मार्मलेड द्यायची, जो आमच्या घरात कुणीच खात नसे. तिच्या नवऱ्याने युद्ध संपल्यावर ही तलवार जपानहून आणली होती आणि नंतर कधी उघडूनही पाहिली नव्हती. गॅरेज आवरताना रंगाच्या डब्यांमागे ती सापडली तेव्हा बेरिलने दादाला बोलावून हातात दिली. "यू आर अ स्टील मॅन, लव्ह," ती म्हणाली, "कुंपणाची हेज कापायला चालेल का बघ." दादाने ती बोटभर बाहेर ओढली, पाहिली आणि परत आत सरकवली. मग घरी येऊन तो जेवला नाही. वहिनीला वाटलं, पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशी तो बेरिलला सांगायला गेला की ही हेज कापायची वस्तू नाही, फार जुनी, फार मौल्यवान असू शकते. बेरिल म्हणाली, "मग तूच ने. मला ती घरात कधीच आवडली नाही."

तेव्हापासून आमच्या घराण्याच्या नशिबी ती तलवार आली. तिच्या मुठीत बांबूची एक खुंटी असते. ती काढली की मूठ निघते आणि आतला काळपट भाग दिसतो. त्यावर दोन अक्षरं कोरलेली होती. दादाची मुलगी गार्गी शाळेत जपानी शिकली होती, तिने ती लावून लावून वाचली. ते नाव निघालं सहाशे वर्षांपूर्वीच्या एका उस्ताद लोहाराचं. ज्याच्या तलवारी तिकडे संग्रहालयात काचेमागे ठेवतात, असा माणूस. त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण दादाने आम्हाला ते उच्चारू दिलं नाही. मोठ्या कारागिरांच्या खोट्या सह्या पुढे कित्येकांनी ठोकल्या आहेत, त्यामुळे खात्री होईपर्यंत नाव घ्यायचं नाही, हा त्याचा दंडक. म्हणजे घरी पाहुणे आले की हा दीड तास त्या तलवारीबद्दल बोलणार, बिचाऱ्यांची कॉफी गार होणार, आणि शेवटी कुणी विचारलं की "पण बनवली कुणी?" तर म्हणणार, "ते सांगता येत नाही." मी पाहुण्यांचे चेहरे पाहिलेले आहेत.

एकदा मात्र त्याने मला ती नीट दाखवली. रविवारची दुपार होती, वहिनी बाहेर गेली होती. त्याने टेबलावरचा दिवा ओढला आणि पातं तिरकं धरलं. धारेच्या कडेने धुकं गोठल्यासारखी एक पांढुरकी रेघ वर-खाली होत गेली होती. "हे रंगवलेलं नाही," दादा हळू म्हणाला. "लाल करून पाण्यात बुडवली, त्या एका क्षणात झालंय हे. धारेला मातीचा लेप पातळ, पाठीला जाड. धार पटकन थंड झाली म्हणून कडक, पाठ सावकाश म्हणून मऊ. हातात थर्मामीटर नाही, काही नाही. नुसता आगीचा रंग बघून." मग जरा थांबून म्हणाला, "आम्ही रोज एवढं पोलाद ओततो, शुभा. माझ्याच्याने असं एक इंच होणार नाही." त्याच्या तोंडून असलं काही ऐकायची मला सवय नव्हती. तेवढ्यात मला शिंक आली आणि त्याने मला खोलीबाहेर काढलं.

तलवार घडवणारा वेगळा आणि तिला पॉलिश करून जिवंत करणारा वेगळा, असं जपानात असतं म्हणे. दादाने बरीच खटपट करून ओकादा-सान नावाच्या एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्याचा पत्ता मिळवला. फोटो पाठवले. उत्तर आलं की फोटोवरून आपण काहीच सांगत नाही, पोस्टाने तलवार घेत नाही, स्वतः घेऊन या. दादा खूश. स्वतःसारखाच हट्टी माणूस जगात आणखी एक आहे याचा त्याला आनंद झाला असावा. पुढच्या एप्रिलची वेळ ठरली, तिकिटं काढली, तिथल्या विमानतळावर तलवार कशी नोंदवायची याचा त्याने अभ्यास सुरू केला.

मधे डिसेंबर-जानेवारीतला तो उन्हाळा आला, ज्यात जंगलं पेटली होती आणि वॉलॉंगॉंगच्या समुद्रावर राख तरंगत होती. दादाला घरासमोरचा चढ चढताना धाप लागायला लागली. आम्ही सगळ्यांनी धुराला दोष दिला. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, आजच्या आज नाही, पण लांबवू नका. यावर माझ्या भावाने विचारलं, "एप्रिलनंतर चालेल?"

आई तेव्हा इथेच होती. ती दिवाळीला नाशिकहून दादाकडे आली होती, मार्चमध्ये परत जायची होती. तिने त्या तलवारीला कधी तलवार म्हटलं नाही. ती म्हणाली, "तुझं काळीज मोठं की ती सुरी मोठी रे मिल्या?" दादा म्हणाला, "आई, दोन्ही एप्रिलपर्यंत टिकतील."

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं थांबली, आई अडकली, दादाची तिकिटं रद्द झाली. देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागायला लागली. त्या दिवसांत आमच्या ओळखीतली माणसं अंथरुणाला खिळलेल्या आईबापांकडे जायला मिळावं म्हणून अर्ज करत होती आणि नकार येऊन रडत होती. माझ्या भावाने अर्ज केला तो तलवारीला पॉलिश करून आणायला. नकार आला. त्याने पुन्हा केला. मी फोनवर विचारलं, "दादा, तुला जरा तरी लाज वाटते का?" तर म्हणाला, "नियमात सांस्कृतिक कारण बसतंय का, ते बघत होतो." नंतर हॉस्पिटलांनी थांबवलेल्या शस्त्रक्रिया परत सुरू केल्या, आणि तिथून याला फोन आला. हा त्यांना म्हणाला, माझा प्रवास व्हायचाय, त्यानंतरची तारीख द्या. कुठला प्रवास, असं त्या बाईने विचारलं असणार. कारण आख्ख्या देशात तेव्हा कुणाचा कुठलाच प्रवास व्हायचा नव्हता.

वहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. ती कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते, आवाज चढवणं तिच्या स्वभावात नाही. ती फक्त त्याच्या ताटात बिनमिठाचं वाढत राहिली आणि तो काही न बोलता जेवत राहिला. मी एका रविवारी ट्रेनने मुद्दाम भांडायला गेले. म्हटलं, "तुला भीती वाटतेय, तर तसं सांग ना. छाती उघडणार म्हटल्यावर कुणालाही वाटेल." तो म्हणाला, "भीतीचा प्रश्न नाहीये, शुभा. एकदा हे ऑपरेशन झालं की मला तुम्ही वर्षभर कुठे जाऊ देणार नाही. ओकादा-सानचं वय झालंय." म्हणजे याच्या हिशोबात म्हातारा माणूस तिकडचा एकटाच होता. मी चहा न घेता परत आले, आणि परतीच्या ट्रेनमध्ये समुद्राकडे पाठ करून बसले.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आईने पाटावर दादाची पकड, वहिनीचा लॅपटॉप, गार्गीचा कॅलक्युलेटर असं सगळं मांडलं आणि सुरीला बोलावणं धाडलं. दादाने तलवार आणून ठेवली. आईने कुंकवात बोट बुडवलं तसा तो मधे आला. "आई, कुंकू नाही. ओलं काही लावायचं नाही तिला." आईचा हात तसाच वर. "अरे, दसऱ्याच्या दिवशी शस्त्राला कुंकू नाही लावायचं तर काय इस्त्रीला लावू?" हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर बघत होते. शेवटी कुंकू म्यानाला लागलं, आणि त्याच रागात आईने एक बोट दादाच्या कपाळालाही ओढलं. "हे तरी ओलं चालतं का?" तिने विचारलं. गार्गी हसून हसून खाली बसली. दादा कपाळ न पुसता दुपारच्या शिफ्टला गेला.

मग पुढच्या वर्षी मे महिन्यात, इथली थंडी सुरू व्हायच्या सुमाराला, ओकादा-सान व्हिडिओ कॉलवर यायला तयार झाले. मधे भाषांतराला गार्गी. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. म्हातारबुवा काळ्या स्वेटरमध्ये, पाठीमागे पाण्याच्या लाकडी बादल्या. दादाने तलवार कॅमेऱ्यासमोर धरली, ते सांगतील तशी फिरवली, आणि मधेच त्याने पातं खाली ठेवून दोन मिनिटं श्वास घेतला. म्हाताऱ्याने ते पाहिलं. त्याने गार्गीला काहीतरी विचारलं. गार्गीने उत्तर दिलं, मग बापाकडे बघून म्हणाली, "ही वॉन्ट्स टू नो व्हॉट्स राँग विथ यू. आय टोल्ड हिम."

ओकादा-सान सावकाश बोलले, आणि गार्गी थांबत थांबत सांगत गेली. सही खरी की खोटी, ते हातात घेतल्याशिवाय सांगणार नाही. पण ज्याने ही घडवली तो उस्ताद होता, यात शंका नाही. ही तलवार सहाशे वर्षं कुणाकुणाच्या हातून थांबत थांबत इथवर आली आहे, अजून दोन वर्षं थांबेल. तुम्ही आधी ऑपरेशन करून घ्या. आजारी माणसाच्या हातून मी तलवार घेणार नाही.

दादाने मान खाली घालून नमस्कार केला. फोन बंद झाल्यावर वहिनीला म्हणाला, "उद्या हॉस्पिटलला फोन करतो."

हे ऐकून मला काय वाटलं असेल, कल्पना करा. बायको, आई, बहीण, तिघी दीड वर्षं हेच सांगत होतो. रागावून, रडून, बिनमिठाचं वाढून. आणि कधी न भेटलेला, भाषा न कळणारा एक गृहस्थ पाच मिनिटांत सांगतो आणि हा ऐकतो. मी दादाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "त्यांनी तलवारीच्या बाजूने सांगितलं ना."

तारीख मिळाली. बॅगही भरली होती वहिनीने. आणि लॉकडाऊन पुन्हा लागला, या खेपेला सिडनीपासून वॉलॉंगॉंगपर्यंत. हॉस्पिटलं कोविडच्या रुग्णांनी भरली, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. त्यात हॉस्पिटलचा दोष नव्हता, त्या लोकांचे हाल आम्ही टीव्हीवर बघत होतो. दोष कुणाला द्यायचा तेच कळत नाही, आणि म्हणून जास्त चिडचिड होते. आमच्या शेवटच्या फोनवर दादा हसत होता. "बघ, मी तयार झालो तर आता ते तयार नाहीत." मी म्हटलं, "आधी झाला असतास तर?" तो म्हणाला, "हं." आमचं शेवटचं बोलणं हे असं आहे. त्याने निदान त्या 'हं'पुढे काही म्हणायला हवं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी वहिनीचा तो फोन आला.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मास्क लावून, अंतर राखून बसलो. नाशिकचे, पुण्याचे, कारखान्यातले, सगळे स्क्रीनवर. शेजारची बेरिल वॉकर घेऊन स्वतःच्या फाटकाशी उभी राहिली आणि गाडी निघताना तिने हात वर केला. आई आदल्या रात्रीपासून एकच वाक्य बोलत होती. "मी याला इथे भेटायला आले होते." ती त्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी लहान असताना ती मला जशी झोपवायची तशी मी तिला थोपटत राहिले, आणि मनात दादाशी भांडत राहिले.

तलवारीला नंतर कुणी हात लावला नाही. ती गॅरेजमधल्या त्याच्या खोलीत, पिशवीत, गाठ मारलेली, तशीच. निर्बंध सैल झाल्यावर, अंत्यविधीनंतर मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा वहिनी म्हणाली, "ओकादा-सानना कळवायला हवं." गार्गीने कॉल लावला. तिने सांगितलं. म्हातारबुवांनी चष्मा काढला, जमिनीला कपाळ टेकेल इतके वाकले आणि तसेच राहिले. मग बसते झाल्यावर त्यांनी विचारलं की तलवारीला तेव्हापासून तेल कुणी लावतंय का. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "दाखवा," ते म्हणाले.

गाठ वहिनीने सोडली. गार्गीने ते पातं बाहेर काढताना श्वास रोखला होता. मुठीपासून चार बोटांवर, त्या पांढुरक्या रेघेच्या जरा वर, तांबूस डाग होता. दिव्याखाली धरल्यावर दिसलं की तो नुसता डाग नाही. त्यात बारीक, गोल गोल रेषा होत्या. अंगठा होता तो. त्या सकाळी त्याने जुनं तेल पुसून काढलं असणार, नवं लावायच्या आधी कळ आली असणार, आणि म्यानात घालताना कधी नव्हे तो त्याचा अंगठा पात्याला लागला असणार. घामाने पोलाद गंजतं. सात-आठ आठवडे समुद्राची दमट हवा, वर तेल नाही.

गार्गी रडत रडत भाषांतर करत होती. ओकादा-सान म्हणाले, गंज ताजा आहे. चोळू नका, वरून हलकं तेल लावा. माझ्याकडे आणलीत की मी काढीन. वहिनीने विचारलं, "काढायलाच हवा का?" गार्गीने विचारलं. म्हातारा म्हणाला, तुमचं मन मला समजतं. पण गंज आत जातो. ठेवलात तर तलवार जाईल.

मी तिथल्या तिथे चिडले. गेल्यावरही हा माणूस आपल्याला सरळ जगू देत नाही, असं मी बोलूनही दाखवलं. वहिनी मात्र शांत होती. "काढायचा," ती म्हणाली. "मिलिंदला एक दिवस चाललं नसतं हे." त्यावर वाद नव्हताच. दादा असता तर स्वतःच्या अंगठ्याबद्दल त्याने आम्हाला तासभर सुनावलं असतं.

"कधी जायचं मग?" आईने विचारलं.

"व्हेन जपान ओपन्स, आजी," गार्गी म्हणाली. "नोबडी नोज."

आई पुढे झाली. चष्मा वर करून तिने तो अंगठा जवळून पाहिला, बोट न लावता. "तोवर असू दे," ती म्हणाली.

आता दर रविवारी वहिनी पात्याला तेल लावते. मऊ कागद त्या जागेवरून नेताना तिचा हात इतका हलका होतो की कागद टेकतो की नाही, सांगता येत नाही. बातम्यांमध्ये हल्ली सारखं तेच चालू असतं, कुठला देश कधी उघडणार, विमानं कधी सुटणार. आईला खरं तर नाशिकला जायचंय, दोन वर्षं होत आली तिला इथे अडकून. परवाच्या रविवारी मी तिथे होते, वहिनी त्या अंगठ्यावरून कागद नेत होती, आणि टीव्हीवर कुणीतरी सीमा उघडण्याबद्दल सांगायला सुरुवात केली. आईने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. वहिनीने वर पाहिलं नाही.